ज्येष्ठमधाची जीभ

ज्येष्ठमधाची गोडी उशिरा येते. आधी जिभेवर माती येते, मग लाकूड, आणि आपण थुंकायच्या बेतात असताना मागून गोडी येते. ती घशापाशी जाऊन बसते आणि तासभर उठत नाही. गुळाची गोडी वेगळी. ती दारातूनच हाक मारते आणि लगेच निघून जाते. हे सगळं मी असं सांगतोय की जणू मीच चाखून ठरवलंय. नाही. हे माझ्या बायकोनं, नजीरानं सांगितलेलं आहे, आणि मी बारा वर्षं ते स्वतःचं म्हणून गावाला ऐकवत आलो.

मी मौलाली अत्तार. कोल्हापुरात सोमवार पेठेत आमचं हुक्क्याच्या तंबाखूचं दुकान होतं. गुडाखू म्हणतात त्याला. निपाणीची तंबाखू कुटायची, काकवीत मळायची, त्यात ज्येष्ठमधाचा काढा, बडीशेप आणि वेलदोड्याची टरफलं घालायची आणि मडक्याचं तोंड बांधून महिना-दीड महिना मुरत ठेवायची. माझा बाप हेच करायचा, त्याचा बापही हेच. आमच्यात तंबाखू आणि काकवी काट्यावर चढायची, पण ज्येष्ठमध कधी वजनानं घालायचं नाही असा दंडकच होता. कारण मूळ कधी जून निघतं, कधी कोवळं, आणि दोन मुळांची गोडी एकसारखी नसते. चिमूटभर माल जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, थुंकायचं आणि अजून किती काढा लागेल ते सांगायचं. ज्याला हे जमेल त्यानं गादीवर बसायचं. दोन भाऊ थोरले असून बापानं गादी मला दिली ती या जिभेवर. बाजारात मला 'जिभेचा मौला' म्हणत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पंच्याण्णव साली शिरोळच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरला चुकवताना माझी लुना घसरली आणि मी डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलो. चार टाके पडले. आठ दिवसांनी उठून बसलो तेव्हा नजीरानं मटणाचा रस्सा पुढं ठेवला. तिखट कळलं, मीठ कळलं, पण त्यात मटण कुठं नव्हतं. उठलो, मडक्याचं फडकं सोडलं आणि आत नाक घातलं. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, वासाची नस दुखावली आहे, गोड-खारट तेवढं कळेल, बाकी वास नाही तर चवही नाही. परत कधी येईल विचारलं तर म्हणाले, वाट बघा.

महिनाभर वाट बघितली. नवी तंबाखू काकवीत मळून होत आली होती आणि ज्येष्ठमध घालायचा दिवस जवळ आला होता. मी नजीराला म्हणालो, "संपलं. आता थोरला म्हणणार, जीभ गेली, ऊठ गादीवरनं."

नजीरा मुळं ठेचत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी सांगते की किती घालायचं ते. अठरा वर्षं काढा कोण उकळतंय?"

"तू?"

"मी न्हाय तर काय दारातली म्हस?"

तिनं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. थुंकून म्हणाली, "ज्येष्ठमध कमी हाय. धुराला काटा ऱ्हाईल, घशाला बोचंल." मुरल्यावर मी त्या मालाची चिलीम भरून चार जुन्या गिऱ्हाइकांना ओढायला दिली. चौघेही म्हणाले, मौला, असा माल तुझ्या बापानं बी दिला न्हवता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि तो राग गिळून मी हसलो.

मग आमची रीत ठरली. दुकान पुढं, कारखाना मागं, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. घाऊक गिऱ्हाईक समोर बसलं की मी चिमूट उचलायचो, डोळे मिटायचो आणि माल जिभेवर घोळवायचो. त्याच मडक्यातली चिमूट फळ्यांमागं नजीराच्या जिभेवर असायची. तिच्यापाशी एक पितळी ताटली होती. बांगडीनं ताटली एकदा वाजली की माल बरोबर. दोनदा वाजली की काढा कमी. तीनदा वाजली की काकवी जास्त झाली. ते ऐकून मी डोळे उघडायचो आणि मोठ्या तोऱ्यात निकाल द्यायचो. लोक माना डोलवायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी ती मूठ आवळूनच धरली.

आमचा सगळ्यात मोठा घेणारा म्हणजे चन्नाप्पा. शाहूपुरीत गुळाचा व्यापारी, जातीनं लिंगायत, मूळचा नेसरीचा. गडहिंग्लजपासून खाली कर्नाटकापर्यंत आमचा गुडाखू त्याच्याच हातून जायचा. आम्ही एका वयाचे, अरे-तुरेतले. अपघातानंतर पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोनं, गौराबाईंनी, स्टोव्हशी खटपट करत चहा केला. मी मुद्दाम एक कप संपवून दुसरा मागून घेतला आणि म्हणालो, "वैनी, च्या झकास झालाय." चन्नाप्पा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं, आवडलं त्याला.

नजीरानं आयुष्यात कधी हुक्का ओढला नाही. पान नाही, मिश्री नाही. जिभेवर चिमूट ठेवायची, दहा मोजायचे आणि थुंकून मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. रोज आठ-दहा वेळा. तंबाखू खाणारी बाई वेगळी आणि ही वेगळी, असं मला खरंच वाटायचं. तिलाही तसंच वाटायचं. आमच्या धंद्यात चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हे बापानं शिकवलं होतं. बाप घशाच्या दुखण्यानं गेला, पण त्याचा या गोष्टीशी संबंध कुणी लावला नाही, आम्ही तर नाहीच.

दोन हजार पाचपर्यंत गुडगुडी ओढणारे म्हातारे एकेक करून मातीआड गेले. कोडोलीचा एक, नेसरीचे तीन, असं मी गिऱ्हाईक मोजायचो. धंदा आता आपल्यासोबतच जाणार असं धरून चाललो होतो. तेवढ्यात चन्नाप्पाचा मुलगा मल्लेश आला. इंजिनिअरिंग अर्धं सोडून त्यानं राजारामपुरीत हुक्का पार्लर काढलं होतं. गाद्या, मंद दिवे, कॉलेजची मुलं. त्यानं दुबईहून आलेला एक डबा माझ्यापुढं ठेवला. डब्यावर दोन सफरचंदं काढलेली.

"मौलाकाका, पोरं ह्याच्यावर तुटून पडत्यात. पण माल येळेवर येत न्हाय. तुमच्या जिभंला हे जमंल."

मी डबा आत नेला. नजीरानं चिमूट चाखली आणि हसायला लागली. "यात सफरचंद कुठं हाय? ही तर बडीशेप आणि ज्येष्ठमध. आपल्याच घरातला माल तिकडं जाऊन टोपी घालून आलाय."

मग आम्ही त्या ज्येष्ठमधाच्या मागं लागलो. हे नुसतं काटा काढायचं काम नव्हतं. इथं ज्येष्ठमध पुढं दिसायला हवं होतं. तंबाखू धुऊन तिचा कडूपणा कमी केला, काकवी पातळ केली, काढा दुप्पट आटवला. एकट्या ज्येष्ठमधाचा धूर तोंडात जड होतो, असं नजीरा सांगायची. पुदिना घातला की आधी गारवा येतो, आणि गारवा गेला की मग गोडी उघडी पडते, हे जमलं. संत्र्याची साल घातली तर चांगली लागते, पण शेवटाला कडवट होते. गुलाब घातला आणि तिनं तोंडच वाकडं केलं. "गुलाब आणि ज्येष्ठमध म्हंजे दोन सवती. दोघी गोड बोलत्यात आणि घरात राहू देत न्हाईत."

त्या उन्हाळ्यात ती दिवसाला तीस-चाळीस वेळा चाखत होती. थांब म्हणायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "आणि एकदा बघ, मल्लेश उद्या येणार हाय."

माल उतरला. पार्लरातली मुलं त्याला 'मौला स्पेशल' म्हणायला लागली. मल्लेशनं ते नाव पाटीवर रंगवून घेतलं. मी नजीराला रिक्षात बसवून ती पाटी लांबून दाखवायला नेलं. ती बघून म्हणाली, "चांगलं हाय. माझं नाव ठेवलं असतं तर कुणी वडलं असतं व्हय? नजीरा स्पेशल म्हंजे कुणाच्या घरची बिर्याणी वाटली असती." आणि हसली. मीही हसलो. 

त्या दिवाळीत ती म्हणाली, "तोंड आलंय. जिभंच्या कडंला झोंबतंय."

माझ्या घराण्यात तोंड आलं की एकच औषध. मी डब्यातली एक चांगली जाड मुळी काढून तिच्या हातात दिली. "गालात धर. दोन दिसात थंड पडतंय." आणि ते थंड पडलंही. ज्येष्ठमध धुराचा काटा काढतं तसा दुखण्याचाही काढतं. काटा निघतो म्हणजे काय होतं हे मी तेव्हा विचारलं नाही. बोचायचं थांबतं एवढंच. आत रुतलेलं असतं ते तसंच राहतं.

दिवाळी गेली, ईद गेली, उन्हाळा गेला. तिच्या गालात मुळीचा तुकडा कायमचा असायचा. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणून मान हलवायची. दोन हजार सातच्या आषाढात मल्लेश आला तो तोंड पाडून.

"काका, राग मानू नका. गेल्या दोन खेपंचा माल बिघडलाय. पोरं म्हणत्यात, हुक्का वडतोय का खोकल्याचं औषध पितोय कळंना."

मी वर-वर हसून त्याला वाटेला लावलं आणि फळ्यांमागं गेलो. नजीरा काढा ढवळत होती. बारा वर्षांचा गिळलेला राग त्या दिवशी वर आला. मी ओरडलो, "काय झालंय तुझ्या जिभंला? माझं नाव मातीत घालाय बसलीस?"

ती शांतपणे म्हणाली, "मला ज्येष्ठमध कळंना झालंय. सारखं तोंडातच हाय, मग मालातलं येगळं कसं कळणार? तरी अंदाजानं घालत हुते."

"मग काढून टाक की ते तोंडातलं!"

"काढलं की दुखतंय."

"कुठं दुखतंय?"

तिनं डाव्या गालावर हात ठेवला. मी तिला हाताला धरून अंगणात उजेडाला आणलं आणि म्हणालो, आ कर. जिभेची डावी कड पांढरी पडली होती आणि मधोमध चिंचोक्याएवढी गाठ होती. मी बोट लावलं. ती कठीण होती. नजीराच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण दिवाळीपासून काय गालात धरायला लावलं होतं. मी तिथंच मडक्याच्या पालथ्या बुडावर बसलो. 

मिरजेच्या दवाखान्यात मल्लेशनं स्वतःच्या गाडीतून नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "तंबाखू खात होता? मिश्री, गुटखा?"

मल्लेश दाराशी उभा होता. खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात बारा वर्षं उघडी पडली असती. नजीरा माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "न्हाय."

डॉक्टरांनी जीभ पुन्हा बघितली आणि तिलाच विचारलं, "कधीच नाही?"

तिनं माझ्याकडं बघतच मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी तसं कागदावर लिहिलं. त्यानं उपचारात फरक पडला नसता, हे मला पुढं कळलं. पण म्हणून काय झालं? बायकोच्या जिभेत गाठ आणि मी माझी मूठ झाकून बसलेलो. मला माझी शरम वाटली, आजही वाटते. दोन दिवसांनी एकटा जाऊन डॉक्टरांना खरं सांगायचं ठरवलं होतं. गेलो नाही.

अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली. मानेतल्या गाठीही काढल्या. मुलगी शबनूर सासरहून येऊन दोन महिने राहिली आणि नळीतून पातळ खाणं देत राहिली. नजीराचं बोलणं गेलं. घशातून आवाज यायचा, पण त्याचे शब्द होत नव्हते. ती चौथी शिकलेली. शबनूरनं तिला पाटी-पेन्सिल आणून दिली. पाटीवर तिनं पहिलं काय लिहिलं? 'काढा पुरे. माल नासंल.' मी ते वाचून मोरीत जाऊन रडलो.

मडकी उपडी घातली. दुकानाला कुलूप लावण्याआधी चन्नाप्पाला सांगणं भाग होतं, आणि या खेपेला खरंच सांगायचं असं ठरवून मी शाहूपुरीत गेलो. वरातीमागून घोडं, पण न्यायचं तरी. ढेपांच्या थप्पीमागं तो बसला होता. चहा आला. मी कपाला हात लावला नाही.

"चन्नाप्पा, एक सांगायचं हाय. ती जीभ माझी न्हवती. पंच्याण्णव सालापसनं सगळा माल नजीरानं चाखलाय. मला चव न्हाय, वास न्हाय, कायबी न्हाय."

त्यानं बशीतला चहा शांतपणे पिऊन संपवला. "ठाव हाय की."

"काय ठाव हाय?"

"पडून उठल्यावर तू घरला आलतास. स्टोव्ह गळत हुता, च्यात रॉकेल पडलंतं. म्या एक घोट घिऊन मोरीत वतला. तू दोन कप पिलास आणि वर झकास म्हणालास. रॉकेल कळंना त्याला ज्येष्ठमध कळतंय व्हय?"

मी विचारलं, "आणि कुणाला ठाव हाय?"

"सगळ्या पेठंला. तुझ्या भावास्नी बी. अरं, ताटली वाजती ती भाईर ऐकाय येती, मौला. आमी काय भैरं हाय?"

"भावास्नी ठाव हुतं? मग त्यांनी गादी का मागितली न्हाय?"

"कुणाला पायजे हुती तुझी गादी? थोरल्याचे इचलकरंजीत माग चालल्यात, मधल्याची टेम्पोची लाइन लागलीया."

"मग तू तरी बोलला का न्हाईस? बारा वर्षं, चन्नाप्पा!"

"काय बोलायचं? तुझा मान हुता. आणि माल बी बरा येत हुता. तुझ्या येळंपरास बरा."  बशी उगीच पुसत बसला. "गौरा म्हणायची, सांगा त्यास्नी, बाईमाणसाच्या जिभंवर रोज तमाखू, बरं न्हवं. म्या म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडानं जाणार होतो? त्याला बोलायचं नव्हतं ते माझ्या मानासाठी, आणि मान मीच मागितला होता, रोज, डोळे मिटून, मान डोलवून. जी गोष्ट उघडी पडू नये म्हणून तिनं जीभ घालवली, ती पहिल्या वर्षापासून उघडीच होती. एकाही माणसापासून काही लपलं नव्हतं. फसलो होतो आम्ही दोघंच. मी उठलो तेव्हा चन्नाप्पा म्हणाला, "च्या तरी घे की." मी न घेता निघालो.

घरी आलो. नजीरा कारखान्यात, त्याच फळ्यांना टेकून बसली होती. ऊन असलं की ती तिथंच बसायची. उपड्या मडक्यांत आता कसला वास आहे कुणास ठाऊक. मला येत नव्हता, आणि तिला विचारायची सोय नव्हती. मी कुठून आलो हे तिनं चेहऱ्यावरून ओळखलं. पाटी ओढली, सावकाश लिहिलं आणि माझ्याकडं फिरवली.

'चन्नाप्पाला सांगितलं न्हाई न्हवं?'

मी ते दोनदा वाचलं. तिचे डोळे माझ्यावर होते. मानेवरचा टाक्यांचा व्रण अजून लाल होता. वाटेत मी ठरवलं होतं की आता घरात एकही खोटं नको. तिला सगळं सांगायचं, पायावर डोकं ठेवायचं.

"न्हाय," मी म्हणालो. "कुणालाच न्हाय सांगितलं. कुणाला ठाव बी न्हाय."

तिनं पदरानं पाटी पुसली. मग बाजूची पितळी ताटली जवळ ओढली आणि बांगडीनं ती एकदाच वाजवली.